डावा पाय, हँडब्रेक आणि आसरा पूल

मागच्या महिन्यात संध्याकाळी सोलापुरात होटगी रोडवरनं घरी येत होतो, गाडी ही चालवत होती, मी शेजारी बसलो होतो, आणि सिग्नलला थांबल्यावर हिने एकदम विचारलं, "अहो, पेडल दोनच, पाय पण दोनच, मग एक पाय असा रिकामा का ठेवायचा? डाव्यानं ब्रेक, उजव्यानं अ‍ॅक्सिलरेटर, सोपं नाही का?" मी म्हणलं, तसं नसतं. "तसं नसतं म्हणजे कसं असतं?" आता ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणजे होतं पण नीट सांगता येत नव्हतं, आणि "तसं नसतं" हे उत्तरच नव्हे हे मला पण कळत होतं. मग महिनाभर हा विषय डोक्यात राहिला, मॅन्युअल काढून वाचलं, गॅरेजवाल्या अण्णांना जाऊन त्रास दिला, आणि दोघांनी मिळून गाडीवर करून पण बघितलं. त्याच्यावरच लिहितोय.

आधी माझं सांगतो. मी गाडी शिकलो होम मैदानावर, गड्ड्याची यात्रा उठून गेल्यावर जेव्हा ते मैदान मोकळं पडतं तेव्हा, अप्पांच्या मित्राच्या जुन्या जीपवर. त्यानंतर एकोणीस वर्षं गिअरची गाडी. सोलापूर-पुणे किती वेळा केलं असेल मोजलं नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वी ही ऑटोमॅटिक घेतली. ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, गिअरबॉक्स साधाच पण क्लच आणि गिअर मशीन सांभाळतं. आपल्याकडं बहुतेकांनी ऑटोमॅटिक अशीच घेतली, २०१४ ला मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून, कारण त्याच्या आधी ऑटोमॅटिक म्हणलं की महाग आणि पेट्रोल पिणारी असंच डोक्यात होतं.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात जे झालं ते मी अजून विसरलो नाही. आईला घेऊन जुळे सोलापूरला ताईकडं चाललो होतो. आई मागं बसली होती, मांडीवर स्टीलच्या डब्यात शेंगापोळ्या आणि शेंगाच्या चटणीची बरणी. विजापूर रोडला संभाजी तलावाच्या पुढं एक स्पीडब्रेकर दिसला, वेग काय फार नव्हता, पस्तीसच्या आसपास असेल. गिअर बदलायचा म्हणून डावा पाय आपोआप उठला. मी सांगितलं नाही त्याला, त्यानं विचारलं पण नाही. उठला आणि क्लच दाबतो तसा खाडकन खालपर्यंत दाबला. पण तिथं क्लच कुठाय? तिथं ब्रेक, तो पण ऑटोमॅटिकचा रुंद पेडलचा ब्रेक, मोकळ्या पायाला बरोबर सापडतो. गाडी जागेवर उभी राहिली. आईचं कपाळ पुढच्या सीटला लागलं, बरणीचं झाकण उडालं, सगळी चटणी खाली मॅटवर. आणि मागनं येणाऱ्या मोटरसायकलचं पुढचं चाक बंपरला टेकलं, टेकलंच नुसतं, पण टेकलं. तो पोरगा काचेजवळ आला आणि म्हणला, "काय मालक, असं मधीच थांबतंय का कुणी?" चिडलेला पण नव्हता, घाबरला होता. आई विचारतीय काय आडवं आलं रे, आणि आडवं काहीच आलेलं नव्हतं. त्या दिवशी तलावाच्या कडेला गाडी लावून दहा मिनिटं बसलो होतो, गुडघा थरथरत होता. त्या मॅटला पुढं कितीतरी दिवस लसणाचा वास येत होता.

ते का झालं हे मला नंतर विचार केल्यावर कळलं. क्लच दाबताना आपण कधी जपून दाबत नाही. एका दमात तळापर्यंत. जपायचं असतं ते सोडताना. ब्रेकचं बरोबर उलटं आहे, दाबताना जपून, हळूहळू वजन वाढवत, आणि थांबत आलं की थोडं ढिलं सोडत म्हणजे शेवटचा हिसका बसत नाही. म्हणजे माझ्या डाव्या पायाला एकोणीस वर्षं जे शिकवलंय ते ब्रेकच्या नेमकं विरुद्ध आहे. गिअरवरनं ऑटोमॅटिकवर येणाऱ्या प्रत्येकाला मी हे एक सांगतो, पहिला महिना डावा पाय मागं सीटच्या जवळ ओढून ठेवा, नाहीतर डावीकडं जी पाय टेकवायची जागा असते तिथं टेकवा आणि तिथनं हलवू नका.

पण हिचं म्हणणं वेगळं होतं आणि ते बरोबर पण होतं. ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवस गिअरच्या गाडीवर शिकली, लायसन काढलं, आणि मग बरीच वर्षं गाडीला हातच लावला नाही. खरी गाडी चालवायला लागली ती ह्या ऑटोमॅटिकवर. "माझ्या डाव्या पायाला क्लचची सवयच नाही, मग मला का नको?" आणि वर हिशोब पण मांडला, उजवा पाय एका पेडलवरनं उचलून दुसऱ्यावर न्यायला वेळ जातो, डावा पाय आधीच ब्रेकवर असला तर तो वेळ वाचतो. हे खोटं नाही. ४० च्या वेगाला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, म्हणजे समजा पाव सेकंद वाचला तर पावणेतीन मीटर वाचले. पावणेतीन मीटर म्हणजे एक अख्खी म्हैस आडवी मावते. मी हे नाकारत नाही.

आणि ती रॅलीवाली माणसं करतातच की. फिनलंडचा राऊनो आल्टोनेन, ज्यानं १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली मिनी कूपरवर जिंकली, तो डाव्या पायानं ब्रेक मारण्यासाठीच प्रसिद्ध होता. पण ते का करायचे हे बघा. पुढची चाकं ओढणारी गाडी, बर्फातलं वळण, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवायचा आणि वरनं डाव्या पायानं ब्रेक हलका लावायचा, म्हणजे वजन पुढं येतं, मागचं बूड मोकळं होतं आणि गाडी वळणात आत शिरते. म्हणजे त्यांना दोन्ही पेडल एकाच वेळी दाबायचीच असतात. आपल्याला सात रस्त्याच्या चौकात दोन्ही एकाच वेळी कशाला दाबायचीत? आपल्याला तर ते कधीच नको असतं. शिवाय रॅलीतला माणूस सीटला पट्ट्यांनी करकचून बांधलेला असतो. आपण साध्या बेल्टमध्ये बसतो, जोरात ब्रेक लागला की अंग पुढं जातं. त्या वेळी डावा पाय जमिनीला किंवा त्या डावीकडच्या टेकूला रोवलेला असला तर अंग सावरतं आणि उजवा पाय मोजून ब्रेक दाबू शकतो. दोन्ही पाय पेडलवर असले तर अंगाचं सगळं वजन दोन्ही पेडलवर जातं. घाबरलेला माणूस दोन्ही पाय ताणतो, हे आपल्या हातात नाही. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये दोन्ही दाबलं तर ब्रेकचं ऐकून इंजिनची ताकद आपोआप कमी होते, पण सगळ्या गाड्यांत ते असेलच असं धरून चालायचं नाही.

हे मी तिला सांगितलं तर तिला पटलं पण अर्धंच. मग म्हणलं एक काम कर, डावा पाय ब्रेकवर ठेव आणि विजापूर रोडवरनं सैफुलपर्यंत चालव, मी मागनं स्कूटरवर येतो. सकाळी साडेसहाला, रस्ता मोकळा असताना. मी मागं राहून फक्त एकच बघत होतो, ब्रेकचे दिवे. अख्ख्या रस्त्यात ते दिवे लागत होते, विझत होते, परत लागत होते, आणि एका सरळ पट्ट्यात तर पार लागलेलेच राहिले, गाडी मात्र पळतीय. घरी आल्यावर तिला विचारलं, मध्ये ब्रेक किती वेळा मारलास? म्हणली दोनदा. तिला कळलंच नव्हतं की पाय टेकलाय. पाय हवेत धरून कोण ठेवणार, किती वेळ ठेवणार, तो टेकणारच ना. आणि मागच्या माणसाला काय कळणार ही थांबतीय का चाललीय? दिवा सारखाच लाल असला की खरा ब्रेक लागेल तेव्हा त्याला काही नवीन दिसतच नाही. ह्या एका गोष्टीनं तिला पटलं. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा मोबाईलवर काढलेला तो व्हिडिओ तिला जास्त पटला.

आता हँडब्रेककडं येतो, कारण माझ्या मते खरी गडबड तिथं आहे. लोकांना डावा पाय ब्रेकवर का ठेवावा वाटतो? चढावर गाडी मागं जाती म्हणून. गाडी उभी धरायला. आणि उभी धरायचं काम ज्याचं आहे तो हँडब्रेक बिचारा मधी पडून असतो, त्याला फक्त घरी गेल्यावर हात लावायचा असं ठरलंय. सोलापूर तसं सपाट, चढ आपल्याकडं म्हणजे पुलाचेच, त्यामुळं हँडब्रेकवरनं गाडी उचलायची सवय बऱ्याच जणांना गिअरच्या गाडीत पण नव्हती. आसरा पूल संध्याकाळी बघा. अरुंद पूल, दोन्हीकडनं गर्दी, रिक्षा मधीच घुसलेली, आणि उसाचा सीझन असला तर ट्रॅक्टरला लागलेल्या दोन दोन ट्रॉल्या. त्या ट्रॅक्टरवर मागं एक पोरगा असतो. ट्रॅक्टर चढावर थांबला की तो उडी मारतो आणि चाकामागं दगड लावतो, निघाला की दगड उचलतो आणि पळत जाऊन परत चढतो. मला ते पोरगं बघितलं की वाटतं ह्याला बरोबर कळलंय, थांबवणं वेगळं आणि थांबलेलं धरून ठेवणं वेगळं.

आपण काय करतो, चढावर अ‍ॅक्सिलरेटर थोडासा दाबून गाडी तिथंच तरंगत ठेवतो. ना पुढं ना मागं. किंवा डाव्या पायाचा ब्रेक अर्धा आणि उजव्याचा अ‍ॅक्सिलरेटर अर्धा. बघणाऱ्याला वाटतं काय सफाई आहे. ते काय करतं हे मी अक्कलकोट रोडला अण्णांच्या गॅरेजमध्ये डोळ्यानं बघितलं. अण्णांकडं त्या दिवशी एक एएमटी खोललेली होती, कुणाची ते विचारलं नाही. क्लचप्लेट बाकड्यावर पडली होती. त्याच्यावरचं लायनर पार रिव्हेटपर्यंत खाल्लेलं, काचेसारखं गुळगुळीत चमकत होतं, आणि शेजारच्या प्रेशर प्लेटवर निळे जांभळे डाग, तवा जास्त तापल्यावर पडतात तसे. वास अजून येत होता, जळक्या ब्रेकसारखा पण त्याच्याहून कडू. अण्णा घरी तेलुगू बोलतात, मराठी त्यांच्या पद्धतीची. म्हणले, "पुलावर गाडी अ‍ॅक्सिलेटरवर धरतेत बे सगळे. त्ये क्लच हाय, हँडब्रेक न्हाई. त्याला किती घासशील?"

एएमटीमध्ये काय आहे की गिअरबॉक्स तोच आहे, गिअरच्या गाडीतला, क्लचप्लेट पण तीच कोरडी. फक्त आपल्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम मशीन करतं. ब्रेक पूर्ण दाबून उभे असलो की मशीन क्लच सोडवून ठेवतं, तेव्हा काही झिजत नाही. पण ब्रेक अर्धवट आणि अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट अशी अवस्था असली की क्लच अर्धा धरलेला अर्धा सुटलेला, आणि घासत राहतो. माझ्या मेव्हण्याची पुण्यात जी गाडी आहे ती टॉर्क कन्व्हर्टरवाली, तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधी तेल असतं, त्या तेलातनं ताकद जाते, म्हणून ती ब्रेक सोडला की हळूच पुढं सरकते आणि असलं तरंगणं ती थोडं जास्त सहन करते, उष्णता तेलात जाते. पण तेल पण तापतंच की. आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४३-४४ असतं, एसी चालू, पुढं जाम, आधीच सगळं तापलेलं, त्यात आपण अजून भर कशाला घालायची.

काही गाड्यांना चढावर आपोआप धरायची सोय असते, हिल होल्ड म्हणतात, पण ती दोन-तीन सेकंदच धरते, म्हणजे पाय ब्रेकवरनं अ‍ॅक्सिलरेटरवर नेण्यापुरती. तेवढ्यात निघालं पाहिजे. लोक समजतात की गाडी आता धरूनच ठेवेल आणि निवांत बसतात, आणि मग मागच्याचा हॉर्न. आमच्या गाडीत ते पण नाही. म्हणून आम्ही हँडब्रेकच शिकलो, म्हणजे मी विसरलेलं परत शिकलो आणि ही पहिल्यांदा.

आसरा पुलावर सकाळी लवकर गेलो होतो, वर्दळ सुरू व्हायच्या आधी. चढाच्या मधी कडेला थांबलो, हॅझर्ड लावले. उजव्या पायानं ब्रेक दाबलेला, हँडब्रेक ओढला, आणि मग पाय सोडला. आधी पाय सोडून बघ म्हणलं, गाडी धरते का ते कळू दे. गाडी एक बोटभर मागं सरकली आणि धरली. हिचा चेहरा त्या एका बोटाला बघण्यासारखा झाला होता, पण धरली. मग परत ब्रेक दाबून डीमध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरमध्ये, आणि उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर अगदी हलका. इंजिनचा आवाज थोडा जड होतो, आणि गाडीचं नाक कणभर उचलल्यासारखं वाटतं, सीटखाली कळतं ते, डोळ्याला दिसत नाही. तो क्षण ओळखायचा आणि हँडब्रेकचं बटण दाबून खाली सोडायचा. गाडी पुढंच जाते, मागं एक इंच पण नाही. पहिल्यांदा तिनं सोडायला उशीर केला, गाडी हँडब्रेकशी भांडायला लागली, दुसऱ्यांदा लवकर सोडला तर थोडं मागं गेली, तिसऱ्यांदा जमलं. आणि हो, तो जड आवाज आला की तिथं थांबून राहायचं नाही, ते पण क्लच घासणंच आहे, आवाज आला की सोडायचा.

ह्याच्यात डावा पाय कुठंच आला नाही. हाच माझा सगळा मुद्दा आहे. थांबवायला उजवा पाय, धरून ठेवायला हात. डाव्या पायाला जे काम मागतोय ते हातानं आधीच करून ठेवलंय.

सिग्नलला पण आम्ही आता तसंच करतो, लांब सिग्नल असला तर. न्यूट्रल, हँडब्रेक, मग पाय सोडायचा. एक मात्र लक्षात ठेवायचं, हँडब्रेकनं मागचे लाल दिवे लागत नाहीत, त्यामुळं मागं एक गाडी येऊन नीट थांबेपर्यंत पाय ब्रेकवर ठेवायचा, त्याला दिसू दे आपण उभे आहोत. एकदा तो थांबला की रात्रीच्या वेळी दोन मिनिटं त्याच्या डोळ्यात लाल दिवा कशाला मारायचा. आणि डीमध्ये ठेवून नुसत्या हँडब्रेकवर विसंबायचं नाही, मोबाईल उचलायला वाकलं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरला लागला तर गाडी निघतीच. रेल्वे गेट पडलेलं असलं तर सरळ इंजिन बंद.

पार्किंगचं तर मी आग्रहानं सांगतो. मेव्हण्याच्या गाडीत पी, म्हणजे पार्किंगचा गिअर आहे, तो काय करायचा, गाडी थांबली की पी आणि पाय सोडला, हँडब्रेक राहिला तर राहिला. त्याच्या सोसायटीचा रॅम्प उताराचा. सकाळी पीमधनं काढताना ठक्क असा आवाज यायचा, त्याला वाटलं गिअरबॉक्स गेला. काही गेलं नव्हतं. पी म्हणजे गिअरबॉक्सच्या आत एक लहान लोखंडी खुंटी, ती एका दातेरी चाकाच्या खाचेत जाऊन अडकते. पाय सोडला की अख्ख्या गाडीचं वजन त्या बोटभर खुंटीवर. सकाळी ती खाचेतनं ओढून काढायची म्हणजे ठक्क होणारच. त्याला सांगितलं, आधी ब्रेक दाबून न्यूट्रल, हँडब्रेक ओढ, पाय सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू दे, मग परत ब्रेक दाबून पी. दुसऱ्या दिवशी फोन आला, दाजी, आवाज गेला.

आमच्या एएमटीत पीच नाही. आर म्हणजे मागं, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढं, आणि एम म्हणजे गिअर आपण आपल्या हातानं बदलायचा, बस. हे नवीन घेणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं. एनमध्ये ठेवून हँडब्रेक न लावता उतरलं तर गाडी मोकळी आहे, धक्का दिला तरी जाईल. आम्ही हँडब्रेक लावतो आणि इंजिन बंद करताना गिअर डीमध्ये ठेवतो, उताराला तोंड असलं तर आरमध्ये, म्हणजे गाडी गिअरमध्ये राहते, जुन्या गाडीत पहिल्यात टाकून ठेवायचो तसं.

हँडब्रेकचं एक दुसरं पण आहे, पावसाळ्यात गाडी धुऊन किंवा पाण्यातनं आणून चार-आठ दिवस हँडब्रेक लावून ठेवली तर मागच्या ड्रमला शू चिकटतात, गंज धरतो, मग गाडी हलताना कडाक असा आवाज येतो. गावाला जाणार असलो तर सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला विटा लावायच्या, हँडब्रेक मोकळा. आणि चालत्या गाडीत हँडब्रेक ओढायचं खूळ पोरांना असतं, ते करू नका हो. तो फक्त मागच्या चाकांना लागतो, मागची चाकं जागेवर घट्ट झाली की मागचं बूड पुढं यायला बघतं. पायाचा ब्रेकच गेला तरच, आणि तेव्हा पण बटण दाबून धरून थोडा थोडा.

नव्या गाड्यांमध्ये बटणाचा हँडब्रेक आणि ऑटो होल्ड आलाय, थांबलं की आपोआप धरतं, अ‍ॅक्सिलरेटर दिला की सोडतं. भावाच्या गाडीत आहे, मी चालवली, मला आवडलं. ज्यांच्याकडं आहे त्यांनी वापरा, बटण बंद करून ठेवू नका. डाव्या पायाची हौस त्यानं आपोआप जाईल. ज्यांना उजव्या पायाचा खरोखर त्रास आहे त्यांचं वेगळं, ते गाडीत तसा बदल करून घेतात, आरटीओत नोंद करतात, आणि रोज त्याच पायानं चालवतात. मी बोलतोय ते दोन्ही पाय धड असताना सोय म्हणून डावा लावणाऱ्यांबद्दल.

गेल्या शुक्रवारी आईला घेऊन तुळजापूरला गेलो होतो. जाताना मी, येताना ही. हिप्परग्याच्या तलावाजवळ चहा घेऊ म्हणून ठरलं होतं. घाट उतरताना मी काही बोललो नाही, नुसतं बघत होतो. तिनं आपणहून एममध्ये टाकली, दुसऱ्या गिअरला आणली, इंजिन गुरगुरायला लागलं आणि गाडी आपोआप आवळून धरल्यासारखी उतरायला लागली, ब्रेक फक्त वळणाला, तो पण दाबून सोडायचा, दाबून सोडायचा. पाय टेकवून ठेवला असता तर खाली येईपर्यंत ड्रम आणि पॅड तापून ब्रेक मऊ पडले असते. डावा पाय चप्पल काढून डावीकडच्या टेकूवर ठेवलेला. तलावाजवळ टपरीच्या पुढं जमीन रस्त्याकडं उतरती आहे, तिथं थांबली, हँडब्रेक ओढला, पाय सोडला, ते एक बोटभर सरकणं झालं, मग बंद केली. आई मागं म्हणली, "थांबली का गं नीट?" ही म्हणली, "थांबली आई, उतरा."

फक्त हँडब्रेक ओढताना होणारी टकटक मोजली मी. आधी पाचव्या टकटकीला घट्ट व्हायचा, आता आठ लागतात. केबल ढिली झालीय, नाहीतर मागचे शू झिजलेत. रविवारी सकाळी अण्णांकडं टाकायचीय.